विश्लेषण : मुळशी धरणाविरुद्ध लढणारे सेनापती बापट कोण होते? त्या लढ्यातले प्रश्न आजही का कायम?

पुण्यात आणि मुंबईत सेनापती बापट यांच्या नावाचे रस्ते आहेत. मात्र त्यांना सेनापती ही पदवी एका जलविद्युत प्रकल्पाविरुद्धच्या लढ्यात मिळाली, हे अनेकांना ठाऊक नसते. मावळातील शिरवता आणि रायगडमधील भिवपुरी येथे मिळून २८०० मेगावॉटचे उदंचन (पंप्ड स्टोरेज) प्रकल्प उभारण्यासाठी राज्य सरकार आणि टाटा पॉवर यांच्यात २०२३ मध्ये सामंजस्य करार झाला. घाटमाथ्यावरच्या विजेची चर्चा त्यामुळे पुन्हा सुरू झाली असताना बापटांचे चरित्र वाचण्यासारखे आहे.

इंजिनीअरिंगला गेले आणि बॉम्ब शिकून आले

पांडुरंग महादेव बापट यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८८० रोजी पारनेर येथे झाला. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकून ते शिष्यवृत्तीवर एडिंबरोला इंजिनीअरिंग शिकायला गेले. ब्रिटिश राजवटीविरुद्ध जाहीर भाषण केल्याने शिष्यवृत्ती बंद झाली. पुढे लंडनच्या इंडिया हाऊसमधील क्रांतिकारकांशी संबंध आला, पॅरिसमध्ये बॉम्बची विद्या मिळाली. १९०८ मध्ये ते भारतात परतले आणि काही वर्षे भूमिगत राहिले. थोडक्यात, यंत्र आणि वीज म्हणजे काय हे न कळणारा हा माणूस नव्हता. मुळशीतील विरोध समजून घेताना हे लक्षात ठेवावे लागते.

मुळशीत नेमके काय घडले?

मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी होती. टाटांचा खोपोली प्रकल्प आधीच सुरू झाला होता. त्यानंतर मुळा आणि निळा नद्यांच्या संगमाजवळ धरण बांधायचे, पाणी बोगद्यातून सह्याद्रीपलीकडे नेऊन कोकणात भिरा येथे सुमारे ५०० मीटर खाली सोडायचे आणि जनित्रे फिरवायची, अशी योजना आली. तांत्रिकदृष्ट्या ती उत्तमच होती. पण पाण्याखाली जाणार होती सुमारे ५० गावे, आंबेमोहोर पिकवणारी भातखाचरे आणि दहा हजारांहून अधिक माणसांचे जगणे.

जमीन १८९४ च्या भूसंपादन कायद्याने घेतली जात होती. गावांची संमती घेण्याची गरजच नव्हती. १६ एप्रिल १९२१ रोजी, रामनवमीला, मावळे धरणाच्या जागेवर जाऊन बसले आणि काम थांबले. विनायकराव भुस्कुटे यांच्याबरोबर बापट या लढ्याचे प्रमुख नेते झाले. काम काही महिने बंद राहिले, नंतर पुन्हा सुरू झाले. त्याबरोबर सत्याग्रहींच्या अटकाही सुरू झाल्या. बापटांनी तुरुंगवास भोगला.

लढा का फुटला?

खरी मेख इथे आहे. मावळातील बऱ्याच जमिनी सावकारांकडे गहाण पडल्या होत्या किंवा त्यांच्याच नावावर होत्या. यातले अनेक सावकार पुण्यात राहणारे. कागदोपत्री मालक तेच, त्यामुळे मोबदल्याची मोठी रक्कम त्यांच्याच हाती जाणार होती. आकडा वाढताच त्यांचा विरोध मावळला. शेत कसणारे कूळ आणि मजूर यांचे पुनर्वसन कुठे करायचे, याचे उत्तर कायद्यात नव्हतेच. बहुतेकांनी मोबदला स्वीकारला आहे, हे एक कारण देत गांधीजींनीही लढा थांबवण्याचा सल्ला दिला.

बापट मात्र थांबले नाहीत. डिसेंबर १९२४ मध्ये त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामावर जाणारी रेल्वेगाडी रुळांवर दगड रचून अडवली, त्यात शस्त्रांचाही वापर झाला. ते पळून गेले नाहीत, अटक करून घेतली. सत्याग्रहाचे नाव घेतलेल्या लढ्याचा हा शेवट वादग्रस्त ठरला आणि तो तसा ठरणे स्वाभाविकही होते. बापट १९३१ मध्ये सुटले. तोवर, १९२७ मध्येच, भिरा केंद्र सुरू झाले होते. पुढे संयुक्त महाराष्ट्र आणि गोवामुक्तीच्या लढ्यातही ते उतरले. २८ नोव्हेंबर १९६७ रोजी त्यांचे निधन झाले.

आज असा प्रकल्प आला तर?

१०० मेगावॉट किंवा त्याहून मोठ्या जलविद्युत प्रकल्पाला आता केंद्राची पर्यावरण मंजुरी लागते. त्याआधी पर्यावरणीय परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी होते. मुळशीच्या वेळी यातले काहीच नव्हते. भीमा खोऱ्यातले पाणी वीजनिर्मितीनंतर कुंडलिकेतून अरबी समुद्राकडे जाते. ते पूर्वेकडे वळवावे, ही मागणी आजही होते. प्रकल्पाच्या आखणीत वीज मोजली गेली, नदीच्या खालच्या अंगाला राहणारी माणसे नाहीत.

जमिनीबाबत २०१३ च्या कायद्याने सामाजिक परिणामांचे मूल्यमापन आणले. कूळ आणि शेतमजूर यांचीही बाधित म्हणून नोंद होते, पुनर्वसन द्यावे लागते. खासगी कंपनीसाठी संपादन असेल तर ८० टक्के संमती बंधनकारक आहे. ही संमती मात्र आजही ज्यांची जमीन जाते त्याच कुटुंबांची मोजली जाते. दुसऱ्याच्या शेतावर राबणाऱ्याचे मत त्या ८० टक्क्यांत धरले जात नाही.