डॉ. सुब्बाराव आणि रात्रीचं औषध

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाला आधीच माफी मागते. विषय मेडिकलचा वाटेल, पण माणूस असा की आपल्या हॉस्टेलवर अगदी शोभला असता.

सुरुवात झाली इथेच गोरेगावात, माझ्या मावशीकडे. तिचा अडीच वर्षांचा मुलगा वर्षात दोनदा तापाने फणफणला आणि दोन्ही वेळा लघवीचं इन्फेक्शन निघालं. तपासणीत कळलं की त्याची लघवी मूत्राशयातून उलटी किडनीकडे चढते. आपल्या भाषेत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह लीक. पुष्कळ मुलांचं हे वाढत्या वयात आपोआप सुधारतं. तोपर्यंत पुन्हा इन्फेक्शन होऊ नये म्हणून डॉक्टरांनी रोज झोपताना अँटिबायोटिकचा छोटा डोस लिहून दिला, कारण रात्रभर लघवी मूत्राशयात साचून राहते. आजी भडकली. खेळत्या पोराला रोज औषध कशाला, हा तिचा सवाल. मावशी मध्येच अडकली आणि शोधाशोध माझ्यावर आली.

औषध होतं सल्फा आणि ट्रायमेथोप्रिमचं. दोन्ही मिळून जंतूचं फॉलिक अ‍ॅसिडचं काम अडवतात. जंतूला ते स्वतः बनवावं लागतं, आपल्याला जेवणातून तयार मिळतं, म्हणून मार मुख्यतः जंतूला बसतो. मग हे फॉलिक अ‍ॅसिड प्रयोगशाळेत पहिल्यांदा बनवलं कोणी, हे शोधताना डॉ. येल्लाप्रगडा सुब्बाराव सापडले.

जन्म १२ जानेवारी १८९५, आंध्रातल्या भीमावरमचा. वडील लवकर गेले, घरात पैशांची ओढाताण. हे महाशय पैसे कमवायला घरातून काशीला पळून निघाले, आईने पकडून परत आणलं. मॅट्रिकला दोनदा नापास, तिसऱ्यांदा पास. (के.टी.वाल्यांनी नोंद घ्यावी.) मद्रास मेडिकल कॉलेजात खादी घालून वावरले, ते सर्जरीच्या इंग्रज प्रोफेसरांना खटकलं. पूर्ण डिग्रीऐवजी एल.एम.एस.वर समाधान मानावं लागलं.

त्याच काळात त्यांचे दोन भाऊ संग्रहणीने एकापाठोपाठ गेले. त्यांना स्वतःलाही तोच आजार झाला, पण एका वैद्यांच्या उपचाराने ते वाचले. माझ्या मते पुढचं सगळं इथून सुरू होतं.

१९२३ मध्ये सासऱ्यांच्या मदतीने ते बोस्टनला पोचले. पत्नी शेषगिरी इकडेच राहिल्या. पोट भरायला हॉस्पिटलात रात्रपाळीचं हमालीचं काम केलं, दिवसा हार्वर्ड. १९२५ मध्ये प्रोफेसर फिस्केंबरोबर रक्तातला आणि लघवीतला फॉस्फरस मोजायची पद्धत काढली, जी पुढे जगभरच्या लॅबमध्ये वापरली गेली. मग स्नायूंमधलं ए.टी.पी. एवढं करूनही हार्वर्डने कायमची जागा दिली नाही. १९४० मध्ये ते न्यूयॉर्क राज्यातल्या लेडर्ले कंपनीत गेले.

इथे मात्र गाडी सुटली. १९४५ मध्ये त्यांच्या टीमने फॉलिक अ‍ॅसिड बनवलं आणि ते संग्रहणीवर चाललं. भाऊ गेल्याला तेव्हा पंचवीसेक वर्षं उलटली होती. त्याच रेणूत थोडा बदल करून बनवलेलं औषध बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी ब्लड कॅन्सरच्या मुलांना दिलं. हत्तीरोगाचं हेट्राझानही याच टीमचं. ते औषध, म्हणजे डी.ई.सी., गडचिरोली-चंद्रपूरकडे मोहिमेत धडधाकट माणसांनाही वाटतात. आणि १९४८ चं ऑरिओमायसिन, पहिलं टेट्रासायक्लिन. ते सापडलं डॉ. डगर यांना, पण रिसर्चचे प्रमुख सुब्बाराव होते. पावसाळ्यात तुंबलेल्या पाण्यातून चालत आल्यावर लेप्टो होऊ नये म्हणून मोठ्यांना डॉक्टर डॉक्सिसायक्लिन देतात ना, ती गोळी त्याच घराण्यातली.

मावशीकडचं औषध त्यांनी शोधलेलं नाही, हे सांगायला हवं. आणि आजी अगदीच चुकत नव्हती. अमेरिकेत ६०७ मुलांवर अभ्यास झाला, तो २०१४ मध्ये छापून आला. याच औषधाने पुन्हा होणारी इन्फेक्शन्स निम्म्यावर आली, पण किडनीवरच्या व्रणांमध्ये फरक दिसला नाही. शिवाय औषध चालू असताना जी इन्फेक्शन्स झाली, त्यातले जंतू बरेचदा त्या औषधाला दाद न देणारे निघाले. मी हे सगळं मावशीला लिहून दिलं, तिने ते डॉक्टरांसमोर ठेवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि सहा महिने देऊन पुन्हा बघू असं ठरलं. आजी अजून रुसलेली आहे, पण रात्री बाटली हलवून द्यायचं काम तिच्याकडेच आहे.

सुब्बाराव ऑगस्ट १९४८ मध्ये झोपेतच गेले, वय ५३. ऑरिओमायसिन जगापुढे येऊन काही आठवडेच झाले होते. भारतात त्यांच्या नावाचं पोस्टाचं तिकीट निघालं ते १९९५ मध्ये. ते मायदेशी परत आलेच नाहीत, आणि शेषगिरीबाईंची त्यांच्याशी भेट १९२३ नंतर कधी झाली नाही.