थोर शास्त्रज्ञ आर्किमिडीज

आर्किमिडीज हा ग्रीक शास्त्रज्ञ फार जुन्या काळी होऊन गेला. त्याचा जन्म इ. स. पूर्व 287 च्या सुमारास सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात झाला. त्याचे वडील ताऱ्यांचा अभ्यास करीत.

तिथला राजा हिएरो. सोनाराने आपल्या सोन्याच्या मुकुटात चांदी मिसळली, असा त्याला संशय आला. मुकुट न मोडता हे शोधायचं काम आर्किमिडीजकडे आलं. सारख्या वजनाचं सोनं आणि चांदी घेतली तर चांदी जवळजवळ दुप्पट जागा व्यापते, म्हणून पाणीही जास्त सारते. त्यावरून लबाडी उघडी पडली. आंघोळ सोडून तो तसाच उघडा पळाला, ही गोष्ट सगळ्यांना पाठ असते. पण ती त्याच्यामागे सुमारे दोनशे वर्षांनी लिहिलेली आहे. मला त्याचं खरं मोठेपण तरंगणाऱ्या वस्तूंवरच्या त्याच्या ग्रंथात वाटतं. वस्तू जेवढा द्रव बाजूला सारते, तेवढ्या द्रवाच्या वजनाइतका जोर तिला वर उचलतो, हे त्याने त्यात सिद्ध केलं.

घरी करून बघा. ग्लासभर पाण्यात ताजं कच्चं अंडं सोडा. ते तळाला जातं. आता चमचा चमचा मीठ विरघळवा. मी केलं तेव्हा पाच चमच्यांनंतर अंडं वर आलं! अंडं तेच, पण मिठाने पाण्याची घनता वाढली. दाटपणा मात्र वेगळा बरं का. गोडेतेल पाण्याहून दाटसर दिसतं, तरी पाण्यावरच तरंगतं.

बाजरी पेरायच्या आधी आमचे बाबा हेच बादलीत करतात. 10 लिटर पाण्यात 2 किलो मीठ विरघळवून त्यात बी ओततात. अरगट रोगाच्या गाठी आणि पोचट दाणे वर येतात, ते काढून जाळतात. तळाचं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत वाळवतात. अरगट पडलेली बाजरी खाण्यात आली तर माणसाला नि जनावराला विषबाधा होते, म्हणून एवढा खटाटोप.

इ. स. पूर्व 212 मध्ये रोमन सैन्याने सिराक्यूज जिंकलं. आर्किमिडीजला मारू नका, असं सेनापती मार्सेलसने बजावलं होतं. तरी एका शिपायाने त्याला ठार केलं. त्याच्या ग्रंथाचेही हालच झाले. पुढे कोणीतरी कातड्याच्या पानांवरची अक्षरं खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या. 1906 साली हायबर्ग नावाच्या डेन्मार्कच्या पंडिताने ती पानं इस्तंबूलमध्ये पाहिली, आणि प्रार्थनेच्या ओळींखालची पुसट अक्षरं भिंग लावून वाचून काढली.