पॉल गेर्सोन ऊना

पॉल गेर्सोन ऊना (८ सप्टेंबर, १८५० : हॅम्बुर्ग, जर्मनी - २९ जानेवारी, १९२९ : हॅम्बुर्ग) हे जर्मन त्वचारोगतज्ज्ञ होते. सोरायसिस, इसब यांसारख्या चिवट त्वचाविकारांत वापरल्या जाणाऱ्या औषधी साबणांना त्यांनी शास्त्रीय बैठक मिळवून दिली.

वैद्यकाची परंपरा असलेल्या ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शिक्षण चालू असतानाच ते १८७०च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात उतरले व गंभीर जखमी झाले. पुढे स्ट्रासबुर्ग येथे बाह्यत्वचेच्या सूक्ष्मरचनेवर प्रबंध लिहून त्यांनी पदवी घेतली आणि व्हिएन्नात फर्डिनांड फॉन हेब्रा यांच्याकडे अध्ययन केले. सोरायसिसला 'लेप्रा' या जुन्या, फसव्या नावापासून सोडवण्याचे श्रेय हेब्रांचे. त्या नावामुळे या रुग्णांच्या वाट्याला कुष्ठरोग्याचा बहिष्कारही येत असे.

हेब्रांच्या उपचारात तीव्र मऊ साबणाने खपल्या काढून डांबर लावले जाई. खपल्या निघत, परंतु साबणातील मोकळ्या अल्कलीने त्वचेची आग होई. ऊना यांनी १८८०च्या दशकात यावर उपाय काढला. चरबी व ऑलिव्ह तेलाचे प्रमाण असे ठेवायचे, की थोडी चरबी साबणात रूपांतरित न होता शिल्लक राहावी. या 'अतिस्निग्ध' साबणात अल्कली मोकळी उरत नसे. त्यातच ते गंधक, डांबर, इक्थिऑल इत्यादी औषधे मिसळत. फेस लगेच धुवायचा, की अंगावर वाळू द्यायचा, यावरून औषधाची मात्रा कमी-अधिक करता येई. साबणाने सोरायसिस समूळ जात नाही. खपल्या सैल होतात, खाज कमी होते व पुढचे मलम त्वचेपर्यंत पोहोचते. हे थोडके वाटले, तरी रुग्णाला त्याचे मोल मोठे असते.

सोरायसिसवरील त्यांच्या दुसऱ्या कार्याचा धागा गोव्याशी जुळतो. ब्राझीलमधील अरारोबा वृक्षाची भुकटी पोर्तुगीजांमार्फत गोव्यात आली आणि नायट्यावरील 'गोवा पावडर' म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यातील क्रायसारोबिन सोरायसिसवरही गुणकारी ठरले. पहिल्या महायुद्धात जर्मनीला त्याचा पुरवठा थांबला, तेव्हा बायर कंपनीने कृत्रिम पर्याय तयार केला. या औषधाचा, म्हणजेच डायथ्रॅनॉलचा, सोरायसिसवरील उपयोग ऊना यांनी १९१६ मध्ये प्रसिद्ध केला. कपड्यांवर न जाणारे डाग पाडणारे हे औषध पुढे कित्येक दशके वापरात राहिले.

१८९४ साली प्रसिद्ध झालेला त्वचारोगांच्या ऊतिविकृतीवरील त्यांचा ग्रंथ हे या विषयातील पायाभूत काम मानले जाते. हयातीचा बराच काळ ते स्वतःच्या खाजगी रुग्णालयातच संशोधन करीत होते. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या हॅम्बुर्ग विद्यापीठात ते त्वचारोगशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते.