रघुनाथपंत हणमंते : वकिली, तह आणि राज्यव्यवहाराची भाषा

सतराव्या शतकातील दक्षिणेच्या राजकारणात तलवारीइतकेच महत्त्व वकिलाच्या वाणीला होते. एका दरबारातून दुसऱ्या दरबारात जाणारा वकील हा केवळ निरोप्या नसे. धन्याची पत राखणे, परक्या राज्यातील बलाबल जोखणे, अनेक भाषांतून बोलणी चालविणे आणि कराराचा मसुदा लेखणीबद्ध करणे ही सारी कामे त्याच्याकडे असत. मराठी राज्याच्या इतिहासात या कामाचा उत्तम नमुना पाहावयाचा झाल्यास रघुनाथ नारायण हणमंते यांच्या चरित्राकडे वळावे लागते. त्यांच्या कर्तृत्वाचा आरंभ झाला तो महाराष्ट्रात नव्हे, तर कर्नाटकात, बंगळूरच्या भोसले दरबारात.

पहिल्या केंपेगौडाने १५३७ मध्ये वसविलेले बंगळूर १६३८ मध्ये विजापूरच्या फौजेने जिंकले. रणदुल्लाखानाच्या त्या मोहिमेत शहाजीराजे भोसले होते. पुढे बंगळूर, कोलार, होसकोटे, शिरे या टापूची जहागीर त्यांच्याकडे आली आणि बंगळूर हे त्यांचे मुख्य ठाणे झाले. नावाने आदिलशाही जहागीर असली तरी त्या ठाण्याचे रूप एखाद्या राजदरबाराचे होते. आजूबाजूचे नायक आणि पाळेगार समूळ उखडण्यापेक्षा त्यांना मांडलिक म्हणून राखावे व त्यांच्याशी बोलण्याचा मार्ग खुला ठेवावा, हे शहाजीराजांचे धोरण होते. अशा धोरणाला फारसी, कानडी, तेलुगू, संस्कृत आणि मराठी या भाषांत वावरणारी माणसे लागतात. जयराम पिंड्ये या कवीने याच दरबाराचे वर्णन ‘राधामाधवविलासचंपू’त केले. संस्कृत रचनेला अनेक देशी भाषांतील कवनांची जोड देणारा हा ग्रंथ वि. का. राजवाडे यांनी १९२२ मध्ये प्रकाशात आणला. बंगळूरच्या दरबाराची बहुभाषिकता ही केवळ काव्यविनोदाची बाब नव्हती, कारभाराचीही ती गरज होती, हे त्या ग्रंथाच्या वाचकाला सहज उमगते.

या कारभाराची धुरा नारो त्रिमळ हणमंते यांच्याकडे होती. त्यांचे पुत्र रघुनाथपंत व जनार्दनपंत याच वातावरणात वाढले. २३ जानेवारी १६६४ रोजी होदिगेरे येथे शिकारीत घोडा पडून शहाजीराजांचा अंत झाला आणि कर्नाटकातील दौलत व्यंकोजीराजांकडे आली. वडिलांच्या वेळचा कारभारी म्हणून रघुनाथपंतांचे वजन मोठे होते. १६७५ च्या सुमारास व्यंकोजींनी तंजावर हस्तगत केले आणि त्यांचे लक्ष बंगळूरहून कावेरीकाठी वळले. यानंतर धनी आणि कारभारी यांचे बिनसले. स्वतंत्र वृत्तीचा राजा आणि त्याला सतत हिताचा उपदेश करणारा वडीलधारा प्रधान यांच्यात जे घडते, तेच येथे घडले. रघुनाथपंतांनी तंजावर सोडले.

या प्रस्थानाचे मूल्यमापन दोन प्रकारे करता येते. व्यंकोजींच्या बाजूने पाहिल्यास हा स्वामित्याग ठरतो. शहाजीराजांच्या दौलतीचा विचार केल्यास दोन भावांत विभागलेल्या त्या दौलतीला एका सूत्रात बांधण्याचा तो प्रयत्न ठरतो. रघुनाथपंतांच्या पुढील वर्तनावरून दुसरा अर्थ अधिक ग्राह्य वाटतो. परंतु त्यांच्या मनातील रोषाचा अंशही नाकारता येत नाही.

ते गेले ते गोवळकोंड्याच्या मार्गाने. अबुल हसन कुतुबशहाचा सारा कारभार त्या वेळी मादण्णापंत व त्यांचे बंधू आकण्णा यांच्या हाती होता. मोगलांचे संकट गोवळकोंड्याच्या उंबरठ्याशी आलेले आणि विजापूर अंतःकलहाने पोखरलेले होते. अशा स्थितीत कुतुबशाहीला मराठ्यांची मैत्री हवी होती. मराठ्यांना कर्नाटकाच्या मोहिमेसाठी पैसा, तोफखाना आणि पाठीमागची निर्धास्तता हवी होती. ही परस्परांची गरज ओळखून तिला कराराचे रूप देण्यात रघुनाथपंतांचा वाटा मोठा होता. शिवाजी महाराजांचे वकील म्हणून प्रल्हाद निराजी गोवळकोंड्यास होतेच. एकाने दरबारी संबंध नित्य जागता ठेवावा आणि दुसऱ्याने दक्षिणेची बित्तंबातमी व मोहिमेची आखणी पुरवावी, अशी ही जोडणी होती.

१६७७ च्या प्रारंभी शिवाजी महाराज भागानगरास गेले आणि सुमारे महिनाभर तेथे राहिले. मोहिमेच्या खर्चासाठी कुतुबशहाने दररोज ३,००० होन देण्याचे मान्य केले व तोफखान्याची मदत दिली. शहाजीराजांच्या जहागिरीबाहेरचा जो मुलूख जिंकला जाईल, त्यात कुतुबशाहीचा वाटा ठरला. याच वर्षीच्या मे महिन्यात जिंजी मिळाली, तीही मुख्यतः किल्लेदाराशी झालेल्या बोलण्यांमुळे. वेलोर मात्र दीर्घ वेढ्यानंतर १६७८ मध्ये पडले. कुतुबशहाच्या पदरी जिंकलेले किल्ले पडले नाहीत आणि त्या दरबारात नाराजी उत्पन्न झाली. एका राज्याची मुत्सद्देगिरी यशस्वी होते तेव्हा दुसऱ्याच्या विश्वासाला तडा जाऊ शकतो, याचे हे उदाहरण होय.

रघुनाथपंतांची खरी कसोटी मात्र परराज्याशी नव्हे, भोसल्यांच्या दोन घरांमध्ये लागली. जुलै १६७७ मध्ये कोळ्ळिडम नदीकाठी तिरुमलवाडी येथे दोघे बंधू भेटले. पित्याच्या दौलतीतील वाट्याचा प्रश्न निघाला, तोड निघाली नाही आणि व्यंकोजीराजे रात्री गुपचूप तंजावरास निघून गेले. परत फिरताना महाराजांनी बंगळूरसह जुनी जहागीर ताब्यात घेतली. मागे संताजी भोसले आणि रघुनाथपंत यांना कर्नाटकाच्या रक्षणासाठी ठेवले. नोव्हेंबर १६७७ मध्ये व्यंकोजींनी त्यांच्यावर चाल केली व त्यांचा पराभव झाला. ज्या घराचे मीठ खाल्ले त्याच घराच्या फौजेसमोर रघुनाथपंत उभे होते.

विजयानंतर त्यांनी जे केले त्यात त्यांचे मोठेपण आहे. महाराजांच्या आज्ञेने त्यांनी व्यंकोजींशी समेटाची बोलणी चालविली आणि तह घडवून आणला. तंजावर व्यंकोजींकडेच राहिले. बंगळूर आणि त्याच्या आसपासचा मुलूख महाराजांनी व्यंकोजींच्या राणी दीपाबाई यांना चोळीबांगडीसाठी दिला. जिंकलेले ठाणे भावाला परत द्यावे तर पराभवाची सल राहते. भावजयीला द्यावे तर ते आहेर ठरते. कौटुंबिक उपचाराच्या या शब्दात राजकीय सवलत बसविणे हे मुरब्बी मुत्सद्दीपणाचे काम होते. पुढे व्यंकोजींना विरक्तीने घेरले, तेव्हा त्यांची समजूत घालण्याचे कामही महाराजांच्या पत्राबरोबर रघुनाथपंतांकडेच आले.

‘राज्यव्यवहारकोश’ हे त्यांच्या नावाशी निगडित असलेले वाङ्मयीन कार्य. फारसी राजकीय संज्ञांना संस्कृत पर्याय देणाऱ्या या पद्यकोशाचे दहा वर्ग असून त्यांत राजवर्गापासून पण्यवर्गापर्यंत राज्याची सर्व अंगे येतात. त्याच्या रचनेशी धुंडिराज लक्ष्मण व्यास यांचेही नाव जोडले जाते. पेशव्याचा प्रधान, मुजुमदाराचा अमात्य आणि डबीराचा सुमंत झाला, तो याच प्रेरणेतून. सुमंत म्हणजे परराज्यसंबंध पाहणारा मंत्री. ज्या माणसाचे आयुष्य फारसी रिवाजाच्या दरबारांत बोलणी करण्यात गेले, त्याच्या नावावर असा कोश असावा यात विसंगती नाही. परक्या परिभाषेची सत्ता किती खोल असते हे तिच्यात वावरणाऱ्यालाच कळते.

१६८० मध्ये शिवाजी महाराजांचे निधन झाले. पुढल्या वर्षी हरजीराजे महाडिक जिंजीस आले, रघुनाथपंतांचा अधिकार संपला आणि लवकरच त्यांचे आयुष्यही. मादण्णा व आकण्णा १६८६ मध्ये मारले गेले आणि १६८७ मध्ये गोवळकोंडे मोगलांच्या हाती पडले. त्याच वर्षी व्यंकोजी बंगळूर म्हैसूरच्या चिक्कदेवराजाला विकण्याची बोलणी करीत असता कासिमखानाने ते घेतले आणि पुढे ते म्हैसूरकरांकडे गेले. रघुनाथपंतांनी जुळविलेली जवळजवळ प्रत्येक गाठ दहा वर्षांत सुटली. जिंजी तेवढी उरली. १६८९ मध्ये रायगड संकटात सापडला, तेव्हा राजाराम महाराजांना आसरा मिळाला तो तेथेच, आणि १६९८ पर्यंत मराठी राज्य तेथून तगून राहिले.

कोशाचे भाग्यही असेच संमिश्र ठरले. त्यातील प्रधान, अमात्य आणि सचिव हे शब्द मराठीत रुळले. परराज्यातील प्रतिनिधीच्या कचेरीला मराठीने दूतावास म्हटले, तरी वकिलात हा अरबी मुळाचा, फारसी दरबारांतून आलेला शब्द तिने टाकला नाही. बंगळूरच्या बहुभाषिक दरबारात घडलेल्या या वकिलाच्या व्यवसायाची खूण त्या एका शब्दात टिकून आहे.