समजून घ्या : कर्जाच्या अर्जावर ज्यांचे नाव असते, ते अण्णासाहेब पाटील कोण होते?

फलटण : व्यवसायासाठी कर्ज काढणारा तालुक्यातील एखादा तरुण बँकेत किंवा सेतू केंद्रात गेला, की अण्णासाहेब पाटील महामंडळाचे नाव हमखास निघते. कर्जावरील व्याजाचा परतावा देणारे महामंडळ, एवढीच त्याची ओळख अनेकांना असते. ज्यांचे नाव महामंडळाला दिले, ते अण्णासाहेब आपल्याच सातारा जिल्ह्याचे होते. हमालांची संघटना बांधून त्यांनी त्यांच्यासाठी कायदा मिळवला आणि दुसऱ्या एका मागणीसाठी जीव गमावला.

मुंबईत कसे आले?

अण्णासाहेबांचा जन्म २५ सप्टेंबर १९३३ रोजी पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळे येथे झाला. डोंगरातील तुटपुंज्या शेतीवर घर चालत नसल्याने त्या काळी पाटण, जावळी, माण, खटावमधील तरुण मुंबईची वाट धरत. गिरणीत काम मिळाले नाही, तर गोदी, मशीद बंदरचे घाऊक बाजार किंवा वखारींमध्ये ओझी वाहावी लागत. अण्णासाहेबही याच कष्टकऱ्यांत मिसळले.

हमालांची अडचण काय होती?

गिरणी कामगाराला एक मालक, हजेरीपट आणि ठरलेला पगार होता. हमालाकडे यातले काहीच नव्हते. सकाळी एका व्यापाऱ्याची पोती, दुपारी दुसऱ्याची. त्यामुळे मालक कोण, हेच ठरत नव्हते. पाठ मोडली तर उपचाराचा खर्च आणि म्हातारपणाची तजवीज कोणी करायची, याला कायद्यात उत्तर नव्हते. मजुरी मुकादमाच्या मर्जीवर असायची.

अण्णासाहेबांनी याच विखुरलेल्या माणसांना एकत्र केले. १९६४ मध्ये महाराष्ट्र राज्य माथाडी ट्रान्सपोर्ट आणि जनरल कामगार युनियन उभी राहिली. मोर्चे, संप, वाटाघाटी झाल्या आणि १९६९ मध्ये, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, राज्याने माथाडी कायदा केला.

कायद्याने काय बदलले?

कायद्याने सरकार, मालक आणि कामगार अशा तिघांचे प्रतिनिधी असलेली मंडळे आली. व्यापारी आणि कामगारांच्या टोळ्या दोघांचीही मंडळाकडे नोंद होते. व्यापारी मजुरी मंडळात भरतो आणि त्यावर ठरावीक टक्के लेव्हीही देतो. लेव्हीतून भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस, रजा, औषधोपचार असे लाभ मिळतात. म्हणजे मालक रोज बदलला, तरी कामगाराचे खाते एकाच ठिकाणी राहते. असंघटित कामगारांसाठी देशात अशी व्यवस्था तेव्हा नवीनच होती. त्यापाठोपाठ माथाडींची पतपेढी, रुग्णालय आणि घरेही उभी राहिली.

राजकारणात काय केले?

कामगारांच्या बळावर अण्णासाहेब काँग्रेसकडून विधान परिषदेवर गेले. गावाकडची गरिबी त्यांनी जवळून पाहिली होती. मराठा समाज सत्तेत दिसतो, पण त्यातला मोठा भाग ओझी वाहतो, हे त्यांच्या युनियनमध्येच दिसत होते. मराठा महासंघाच्या माध्यमातून त्यांनी आर्थिक निकषावर आरक्षणाची मागणी लावून धरली.

२२ मार्च १९८२ रोजी मुंबईत विधानभवनावर मोठा मोर्चा निघाला. मुख्यमंत्री होते बाबासाहेब भोसले. अण्णासाहेब सत्ताधारी पक्षाचेच आमदार होते, तरी मागणी मान्य झाली नाही. मोर्चेकऱ्यांना दिलेला शब्द पाळता आला नाही, हे त्यांना सहन झाले नाही. दुसऱ्या दिवशी, २३ मार्चला, त्यांनी आपले जीवन संपवले. तेव्हा ते ४८ वर्षांचे होते.

त्या मागणीचे पुढे काय झाले?

केंद्राने १९९१ मध्ये आर्थिक दुर्बलांना १० टक्के आरक्षण जाहीर केले. पण केवळ आर्थिक निकषावर ते देता येत नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये ते रद्द ठरवले. २०१९ मध्ये घटनादुरुस्ती करून तसे १० टक्के आरक्षण लागू झाले. अण्णासाहेबांच्या मोर्चाला तोवर ३७ वर्षे होऊन गेली होती. मराठा समाजासाठीचा राज्याचा २०१८ चा कायदा सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये रद्द केला आणि २०२४ मध्ये राज्याने पुन्हा १० टक्क्यांचा कायदा केला.

आज त्यांचे काय उरले?

१९९८ मध्ये त्यांच्या नावाने आर्थिक मागास विकास महामंडळ स्थापन झाले. दर २५ सप्टेंबरला नवी मुंबईत माथाडी कामगार मेळावा भरतो आणि त्याला सर्व पक्षांचे नेते हजेरी लावतात. मात्र, कोणत्याही बाजार समितीत पोती उचलणाऱ्या हमालासाठी महत्त्वाचा प्रश्न वेगळाच आहे : त्याची नोंदणी झाली आहे का आणि त्याच्या नावावर लेव्ही जमा होते का? अण्णासाहेबांनी मिळवलेला कायदा त्याच्यापर्यंत पोहोचला की नाही, हे त्यावरूनच कळते.