सात पुलांचं कोडं सोडवणाऱ्या ऑयलरने ते टिंब-रेघांचं फेमस चित्र काढलंच नव्हतं

शाळेत शेजारच्या बाकावरच्या पोराने हे कोडं एकदा तरी घातलेलं असतं. वहीवर घर काढायचं, भिंतींच्या चौकोनात फुली मारायची. अट एकच. पेन उचलायचा नाही आणि एका रेघेवरून दोनदा जायचं नाही.

खालच्या कोपऱ्यातून सुरुवात केली तर जमतं. छपराच्या टोकावरून केली तर अख्खी वही संपली तरी जमत नाही.

असं का, याचं उत्तर जवळपास तीनशे वर्षांपूर्वी देऊन ठेवलंय. देणाऱ्याचं नाव लिओनार्ड ऑयलर.

ऑयलरचा जन्म १७०७ सालचा, स्वित्झर्लंडमधल्या बाझेलचा. वडील पाद्री, त्यामुळे पोरानेही पाद्रीच व्हावं असं घरचं ठरलेलं. पण योहान बर्नुली हे त्या काळातलं गणितातलं बडं नाव त्याच गावात होतं. दर शनिवारी ऑयलर त्यांच्याकडे अडलेली गणितं घेऊन जायचा. शेवटी बर्नुलींनीच वडिलांची समजूत काढली. १७२७ साली, वयाच्या विसाव्या वर्षी ऑयलर रशियाला सेंट पीटर्सबर्गच्या अकादमीत पोहोचला.

तिथेच त्याच्यापुढे कोनिग्जबर्गचं कोडं आलं.

कोनिग्जबर्ग म्हणजे तेव्हाचं प्रशियातलं शहर, आजचं रशियातलं कॅलिनिनग्राड. नदीमुळे शहराचे चार तुकडे झालेले आणि ते जोडणारे सात पूल. प्रश्न असा की प्रत्येक पूल एकदाच ओलांडून सगळे पूल फिरता येतील का?

गंमत म्हणजे ऑयलरला हे कोडं गणिताचं वाटतच नव्हतं. डान्झिगच्या महापौराला १७३६ साली धाडलेल्या पत्रात त्याने तसं कळवूनही टाकलं. पण त्याच्या आदल्याच वर्षी त्याने यावरचं काम अकादमीपुढे मांडलं होतं.

त्याचा विचार एकदम साधा होता. एखाद्या तुकड्यावर एका पुलावरून आलात, तर बाहेर पडायला दुसरा पूल हवा. म्हणजे पुलांच्या जोड्या लागतात. पुलांची संख्या विषम असेल, तर तो तुकडा फेरीची सुरुवात तरी असणार नाहीतर शेवट. असे विषम तुकडे फार तर दोन चालतील. कोनिग्जबर्गात बेटाला ५ पूल आणि बाकी तिघांना ३-३. चारही विषम. विषय संपला.

आज कुठलंही पुस्तक उघडलं की या कोड्यासोबत चार टिंबं आणि सात रेघांचं चित्र असतं. ऑयलरच्या लेखात ते नाही. त्यात नदी आणि पुलांचे नकाशे आहेत, तुकड्यांना अक्षरं दिलीत आणि पुढे नुसती मोजणी आहे. टिंब-रेघांचं चित्र आलं शंभराहून जास्त वर्षांनी.

आता यात वन-वे घाला. घंटागाडीला प्रत्येक रस्त्यावरून एकदाच जाऊन डेपोत परत यायचंय आणि सगळे रस्ते एकदिशा. इथे रेघेचा बाण होतो. सम-विषम बघून भागत नाही. प्रत्येक चौकात जेवढे बाण आत येतात तेवढेच बाहेर जायला हवेत, आणि सगळे रस्ते एकमेकांना जोडलेले हवेत. अशा बाणांच्या जाळ्याला म्हणतात डायरेक्टेड ग्राफ.

पायथॉनमध्ये नेटवर्कएक्स नावाची लायब्ररी आहे. तिला फक्त जोड्या द्यायच्या, कुठून आणि कुठे. ऑयलरच्या नावाचं एक फंक्शन मग अशी फेरी शक्य आहे की नाही ते सांगतं. चित्र हवं असेल तर ग्राफव्हिझ आहे. दोन नावांमध्ये आडवी रेघ आणि पुढे बाणाचं टोक टाइप केलं की बाण तयार. कोणतं टिंब कुठे बसवायचं ते सॉफ्टवेअरच ठरवतं. बाण शक्यतो वरून खाली जावेत आणि एकमेकांना कमी छेदावेत हे ते बघतं. पण टिंबं काहीशे झाली की चित्राचा नुसता गुंता होतो, डोळ्याला काही कळत नाही. फंक्शनचं मात्र अडत नाही. त्याने चित्र पाहिलेलंच नसतं, ते फक्त मोजतं.

ऑयलरच्या डोळ्यांचं तर वेगळंच दुखणं होतं. १७३८ च्या सुमारास उजव्या डोळ्याची नजर गेली. पुढे बर्लिनला २५ वर्षं काढली, तिथे राजा फ्रेडरिक त्याची एक डोळ्याचा राक्षस म्हणून टिंगल करायचा. (एवढ्या मोठ्या माणसाला दरबारात ठेवून घ्यायचं आणि वर हे!) १७६६ साली ऑयलर पीटर्सबर्गला परतला आणि दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू. १७७१ साली ऑपरेशन झालं, काही दिवस दिसलंही, मग इन्फेक्शन झालं आणि अंधार. त्याच वर्षी घराला आग लागली. मूळच्या बाझेलच्याच एका माणसाने आंधळ्या ऑयलरला ज्वाळांतून बाहेर काढलं.

१३ मुलांपैकी ८ लहानपणीच गेलेली. १७७३ साली बायको गेली.

पण काम थांबलं नाही. आकडेमोड डोक्यात चालायची, मुलं आणि सहाय्यक उतरवून घ्यायचे. १७७५ या एका वर्षात सरासरी आठवड्याला एक लेख पडला. आयुष्यभराचं लिखाण साडेआठशेच्या वर.

१८ सप्टेंबर १७८३. दोनच वर्षांपूर्वी सापडलेल्या युरेनसच्या कक्षेबद्दल सहकारी लेक्सेलशी बोलणं झालं आणि थोड्या वेळात मेंदूत रक्तस्राव होऊन ऑयलर गेला. वय ७६. अकादमीकडे त्याचे लेख इतके साठले होते की ते छापायचं काम पुढची कित्येक दशकं चाललं.