अनाथांचे गुरू : डॉन बॉस्को

गोमंतकात डॉन बॉस्को हे नाव ठाऊक नाही असा विद्यार्थी विरळा. १९४६ साली त्यांच्या अनुयायांनी पणजीस कार्य आरंभिले, तेव्हापासून हे नाव शाळेशी आणि क्रीडांगणाशी जोडले गेले आहे. परंतु ज्या पुरुषाचे हे नाव तो कोण होता, असे विचारल्यास पुष्कळांस उत्तर सुचत नाही. म्हणून ते चरित्र येथे थोडक्यात सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

जोव्हान्नी बॉस्को यांचा जन्म १६ ऑगस्ट १८१५ रोजी उत्तर इटलीतील पीडमाँट प्रांतात, बेक्की नावाच्या वाडीवर, एका शेतकरी कुटुंबात झाला. 'डॉन' ही त्या देशात धर्मगुरूंच्या नावाआधी लावण्याची आदराची पदवी होय. मूल दोन वर्षांचे होण्यापूर्वीच पित्याचे छत्र हरपले. आई मार्गेरीता हिने मोठ्या कष्टाने संसार सावरला. शेतकऱ्याच्या पोराने पुस्तक हाती धरावे, हे थोरल्या सावत्र भावास रुचत नसे. घरातील कलह विकोपास जाऊ नये म्हणून आईने जोव्हान्नीस कोवळ्या वयातच परक्याच्या शेतावर चाकरीस धाडले. पुढे कधी शिंप्याकडे, कधी लोहाराकडे, तर कधी कॉफीच्या दुकानात राबून त्याने आपले शिक्षण चालविले. जत्रेतील डोंबाऱ्यांचे खेळ पाहून तो दोरीवरून चालावयास शिकला होता आणि ते खेळ दाखवून गावातील मुले भोवती जमवीत असे.

५ जून १८४१ रोजी धर्मगुरूची दीक्षा घेऊन ते तुरीन शहरी राहिले. त्या काळी शहर झपाट्याने वाढत होते. डोंगराळ भागांतून गवंड्यांच्या हाताखाली काम करणारी, धुराडी साफ करणारी मुले पोटासाठी तेथे येत. त्यांस ना घर, ना शाळा, ना कोणी विचारणारे. बॉस्को तुरुंगांत जाऊ लागले, तेव्हा बारा ते अठरा वर्षांची मुले तेथे कोंडलेली पाहून त्यांचे अंतःकरण हेलावले. सुटून गेलेली मुले थोड्याच दिवसांत पुन्हा आत येत, कारण बाहेर त्यांची वाट पाहणारे कोणीच नसे. शिक्षेनंतर सुधारण्यापेक्षा अपराधापूर्वी आधार देणे श्रेयस्कर, हे सूत्र त्यांस येथे सापडले.

८ डिसेंबर १८४१ रोजी एक पोरका गवंडी मुलगा चर्चमध्ये येऊन उभा राहिला. तेथील सेवकाने त्यास मारून हाकलले. बॉस्कोंनी त्यास परत बोलावून जवळ बसविले. या एका मुलापासून रविवारचा मेळा सुरू झाला आणि पुढे तो शेकड्यांवर गेला. गलक्याने शेजारी त्रासले, अधिकाऱ्यांस संशय आला, काही हितचिंतकांस तर त्यांच्या बुद्धीविषयीच शंका वाटू लागली. एका जागेहून दुसऱ्या जागी हाकलले जात अखेर १८४६ च्या एप्रिलमध्ये वाल्दोक्को भागात एक ठेंगणी पडवी भाड्याने मिळाली. त्याच वर्षी अतिश्रमाने ते मरणाच्या दारी जाऊन आले. बरे झाल्यावर त्यांनी वृद्ध आईस साथ देण्याची विनंती केली. गावचे घर सोडून ती माउली पायी शहरात आली आणि आपले लग्नातले किडूकमिडूकही तिने मुलांसाठी मोडले.

आसरा देणे सोपे नव्हते. प्रथम निजावयास घेतलेल्या काही पोरांनी सकाळी पांघरुणेच पळविली. तरीही १८४७ साली एका पावसाळी रात्री दाराशी आलेल्या अनाथ मुलास मायलेकरांनी घरात घेतले आणि तेथून वसतिगृहाचा आरंभ झाला. दिवसभर कामाने शिणलेल्या मुलांकरिता रात्रीची शाळा निघाली. दशमान मापे त्या राज्यात लागू व्हावयाची होती. कामगार मुलगा हिशेबात फसू नये म्हणून बॉस्कोंनी १८४९ साली त्या मापांवर एक सोपी पुस्तिकाच लिहून काढली.

आमच्या मते त्यांचे सर्वांत दूरदृष्टीचे कार्य यापुढचे आहे. मुले ज्या मालकांकडे काम शिकत, त्यांच्याशी ते रीतसर लेखी करार करू लागले. १८५२ च्या फेब्रुवारीत एका सुताराशी सरकारी मुद्रेच्या कागदावर केलेला असा करार आजही प्रसिद्ध आहे. मालकाने मुलास आपला धंदा नीट शिकवावा, धंद्याबाहेरची कामे सांगू नयेत, चूक झाल्यास शब्दांनीच समजवावे, सुटीचे दिवस मोकळे द्यावेत व वेतन वाढवीत जावे, अशी कलमे त्यात होती. मुलांनी काम करूच नये, असे म्हणणे त्या काळी त्यांच्या पोटावर पाय देण्यासारखे झाले असते. म्हणून कामातच शिक्षण आणि मान कसा मिळेल, हे त्यांनी पाहिले. कागदावरच न विसंबता ते स्वतः कारखान्यांत जाऊन मुलांची विचारपूस करीत. १८५३ पासून तर त्यांनी आपल्याच आवारात चांभारकाम व शिवणकाम, पुढे पुस्तकबांधणी, सुतारकाम व छपाई यांचे वर्ग काढले. लहानपणी शिंप्याकडे शिकलेली विद्या अशी कामी आली. खर्चासाठी त्यांनी सोडती काढल्या, श्रीमंतांचे उंबरठे झिजविले, पण मुलांस दाराबाहेर काढले नाही.

१८५९ साली त्यांनी सहकाऱ्यांचा संघ स्थापिला. १८७५ मध्ये त्यातील पहिली तुकडी अर्जेंटिनास गेली, तर १९०६ मध्ये भारतात तंजावरास कार्य सुरू झाले. ३१ जानेवारी १८८८ रोजी बॉस्कोंनी तुरीन येथे देह ठेविला. १९३४ साली त्यांस संतपद देण्यात आले.

विद्यार्थिमित्रांनो, २००९ च्या कायद्याने आपल्या देशातील सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा हक्क दिला आहे. तरीही शाळेच्या वेळी चहाच्या टपरीवर कपबश्या विसळणारा मुलगा आपल्या दृष्टीस पडतो. तुरीनच्या त्या धर्मगुरूंनी कागद केला आणि तो पाळला जातो की नाही हे पाहावयास ते स्वतः गेले. कागद आता आपल्याजवळ आहे. त्या मुलाचे नाव विचारणे व त्याच्याविषयी आपल्या गुरुजनांस सांगणे, एवढे तर आपणांपैकी कोणासही करता येईल.